एकसष्टचे उत्तर

दोन वर्षांपूर्वी घरात माझ्या एकसष्टीचा बेत चालला होता. हॉल कुठला, गुरुजी कुठले, जेवणात श्रीखंड की बासुंदी, अशी चर्चा. मी म्हटले, हे काही नको, मला एकदा चाळीसगावला उतरू द्या. मुलगा म्हणाला, "आई, चाळीसगावला आपले कोण आहे?" मी म्हटले, "कोणी नाही. एका आकड्याचे कुलदैवत आहे."

मी जबलपूरची. आजोबा रेल्वेच्या नोकरीत इकडे आले, वडील गन कॅरेज फॅक्टरीत होते, आणि मी अठ्ठावीस वर्षे इथल्या शाळांतून हिंदी माध्यमात गणित शिकवले. घरात मराठी, वर्गात हिंदी, पुस्तकात इंग्रजी नावे. जबलपूरच्या मराठी माणसाला यात नवल वाटत नाही. मुंबईहून आलेला लोहमार्ग आणि कलकत्ता-अलाहाबादकडून आलेला लोहमार्ग १८७० साली आमच्याच गावी एकमेकांना मिळाले, तेव्हापासून आम्ही जोडावर राहणारी माणसे आहोत. आजोळ नाशिकला. त्यामुळे भुसावळ, जळगाव, चाळीसगाव, मनमाड ही स्टेशने मला पाढ्यासारखी पाठ. पण चाळीसगावला कधी उतरले नव्हते. उतरायचे कारण होते एक जुने कर्ज. ते कर्ज कशाचे, हे सांगण्यासाठी आधी तो आकडा सांगावा लागेल.

समजा, तुमच्याकडे एकसारख्या चौकोनी फरशा आहेत. त्यांचे तुम्ही ६१ चौरस मांडले, सगळे सारख्या मापाचे. मग ते सगळे मोडले, ढिगाऱ्यात आणखी एक फरशी टाकली आणि त्या सर्व फरशांचा मिळून एकच मोठा चौरस मांडायला घेतला. एकही फरशी उरू नये, एकही कमी पडू नये. लहान चौरसाची बाजू किती फरशांची असावी?

६१ च्या जागी ६० असते, तर काम सोपे होते. बाजू ४ घ्या : ४ चा वर्ग १६, साठपट ९६०, त्यात एक मिळवला की ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. ६२ ला बाजू ८ : ६४ ची बासष्टपट ३९६८, एक मिळवून ३९६९, म्हणजे ६३ चा वर्ग. ६३ ला तर बाजू १ पुरते. दोन्हीकडचे शेजारी असे एका ओळीत आटोपतात. मधल्या ६१ ला मात्र लहानांत लहान उत्तर २२६१५३९८० हे आहे. बावीस कोटी एकसष्ट लाख त्रेपन्न हजार नऊशे ऐंशी. आणि मोठ्या चौरसाची बाजू १७६६३१९०४९. एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास. यापेक्षा लहान उत्तर नाही. एकेक आकडा घालून बघत बसलो, तर जन्म पुरणार नाही.

ही जोडी भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथात आहे. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४ चा, आणि 'सिद्धान्तशिरोमणी' त्यांनी छत्तिसाव्या वर्षी पुरा केला, म्हणजे ११५० मध्ये. ही दोन्ही वर्षे त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवली आहेत. बीजगणितात ते मित्राला दोन प्रश्न घालतात, एक ६७ चा आणि एक ६१ चा. ६७ चे उत्तर तुलनेने मवाळ आहे : ५९६७ आणि ४८८४२. खरी मेख ६१ मध्ये आहे.

आता कर्जाची गोष्ट. नोकरीत नवी होते तेव्हाची. राष्ट्रीय गणित दिवस वगैरे तेव्हा नव्हते, पण शाळेत विज्ञान प्रदर्शन असे. त्यात मी भाषण केले. फ्रान्सच्या पिएर द फर्मा याने १६५७ साली युरोपातल्या गणितज्ञांना जे आव्हान दिले, त्यातही नेमका ६१ हाच आकडा होता. मी मुलांना ठणकावून सांगितले की फर्माने हा प्रश्न आपल्या भास्कराचार्यांकडून उचलला आणि नाव लपवले. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर नववीतली एक मुलगी उभी राहिली. तिने अगदी साधेपणाने विचारले, "मैडम, भास्कराचार्य की किताब फ़र्मा के पास पहुँची कैसे?"

मला उत्तर आले नाही. "बैठ जाओ, बाद में बताऊँगी," असे म्हणून मी तिला बसवले. नंतर सांगायचे राहून गेले. ती दहावी होऊन निघून गेली. आणि खरे सांगायचे तर पुढची दहा-बारा वर्षे मी तेच भाषण करत राहिले, फक्त शेवटी प्रश्न विचारू दिले नाहीत.

निवृत्त झाल्यावर मी त्या प्रश्नाच्या मागे लागले. आधी गणिताकडूनच.

आपल्या जुन्या गणितात या प्रकाराला वर्गप्रकृती म्हणतात. ६१ ही प्रकृती, लहान बाजू ती कनिष्ठ, मोठी ती ज्येष्ठ, आणि वरून टाकायची फरशी तो क्षेप. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने हे प्रश्न मांडले. त्याने ९२ चे उदाहरण देऊन म्हटले आहे की जो हे वर्षभरात सोडवील तो गणक. त्याचे उत्तर १२० आणि ११५१. ब्रह्मगुप्ताने एक किल्लीही दिली. दोन अपुरी उत्तरे एकमेकांत मिसळून तिसरे उत्तर तयार करायचे. या मिसळण्याला नाव आहे भावना. मराठी माणसाला हा शब्द गणितात भेटला की क्षणभर थबकायला होते. पण वैद्याला थबकायला होणार नाही. औषधाला रसाची भावना देतात, म्हणजे रसात पुन्हा पुन्हा घोटतात. आकड्यांचेही तसेच.

ब्रह्मगुप्ताची किल्ली प्रत्येक कुलपाला लागत नव्हती. ती लागेल अशा जागी कसे पोहोचायचे, हे सांगणारी रीत म्हणजे चक्रवाल. भास्कराचार्य हे नाव पूर्वीपासून चालत आलेले म्हणून देतात. आणि ते खरे आहे. १०७३ साली उदयदिवाकर नावाच्या टीकाकाराने जयदेव या गणितज्ञाचे जे श्लोक उतरवून ठेवले, त्यांत ही रीत आहे. कृपाशंकर शुक्ल यांनी १९५४ मध्ये ते श्लोक प्रकाशात आणले. म्हणजे चक्रवाल ही एकट्या भास्कराचार्यांची कमाई नव्हे. माझ्या भाषणातली ही आणखी एक चूक.

६१ साठी ती रीत अशी चालते. ८ चा वर्ग ६४, तो ६१ पेक्षा ३ ने जास्त. म्हणजे कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, पण क्षेप १ ऐवजी ३. आता असा आकडा निवडायचा की ज्यात ८ मिळवले तर ३ ने नि:शेष भाग जावा आणि ज्याचा वर्ग ६१ च्या जवळ असावा. ७ चालतो. त्याने चाक एकदा फिरवले की कनिष्ठ ५, ज्येष्ठ ३९. पडताळा पाहा : ५ चा वर्ग २५, एकसष्टपट १५२५; ३९ चा वर्ग १५२१. फरक उणे ४. इथे किल्ली लागते. क्षेप ४ आला की निम्मे करून भावना देता येते. या ५ आणि ३९ मधून आधी १९५ आणि १५२३ निघतात, त्यांचा क्षेप अधिक ४. मग ही जोडी पहिलीशी मिसळली की ३८०५ आणि २९७१८. आता क्षेप फक्त उणे १. शेवटी या जोडीला तिचीच भावना द्यायची. २९७१८ चा वर्ग ८८३१५९५२४. त्याची दुप्पट करून एक मिळवला की १७६६३१९०४९. आणि २९७१८ गुणिले ३८०५ याची दुप्पट २२६१५३९८०.

एक अब्जाच्या वरचा आकडा कागदाच्या एका बाजूवर सापडला. मी हे पहिल्यांदा हाताने केले तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि कुकर लावायचा राहिला होता.

हा आकडा नुसता मोठा नाही, आतून फार नेटका आहे. त्याच्या आधीचा आकडा, १७६६३१९०४८, हा एका पूर्ण वर्गाची बरोबर दुप्पट आहे. त्याच्या नंतरचा, १७६६३१९०५०, हा ३८०५ च्या वर्गाची १२२ पट, म्हणजे ६१ च्या दुपटीने. स्वतः तो ११ ने विभाज्य आहे. पडताळायला यंत्र लागत नाही, प्राथमिक शाळेतली नवांची कसोटीही अर्धे काम करते. कनिष्ठाच्या अंकांची बेरीज ३६, म्हणजे नऊने भाग जाणारी. तेव्हा एकसष्टपट वर्गालाही नऊने भाग जाणार आणि एक टाकल्यावर बाकी १ उरणार. ज्येष्ठाच्या अंकांची बेरीज ४६, बाकी १. वर्गाची बाकीही १. जुळले. एवढ्याने उत्तर सिद्ध होत नाही, पण चुकले असते तर बहुधा इथेच पकडले गेले असते. ताडपत्रावर किंवा धुळीच्या पाटीवर गणित करणाऱ्याला असा पहारेकरी हवाच.

आता फर्मा. १६५७ च्या फेब्रुवारीत त्याने फ्रेनिकल नावाच्या गणितज्ञाला पत्र लिहिले. सर्वसाधारण रीत जमत नसेल, तर फार त्रास नको म्हणून दोन लहान आकडे तरी करून दाखव, असे त्यात चेष्टेने म्हटले. ते दोन आकडे ६१ आणि १०९. इंग्लंडमध्ये लॉर्ड ब्राउंकरने रीत शोधली. पुढे ऑयलरने चुकून या समीकरणाला जॉन पेलचे नाव दिले आणि ते चिकटले. आमच्या पुस्तकात ते अजून पेलचे समीकरण आहे. प्रकृती स्वतः पूर्ण वर्ग नसेल तर उत्तर सापडणारच, याची पक्की सिद्धता लाग्रांजने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दिली. चक्रवाल दरवेळी पोहोचते हे आपल्या आचार्यांना ठाऊक होते. ते का पोहोचते याची सिद्धता त्यांच्या ग्रंथात नाही. दोन्ही गोष्टी एका दमात सांगता आल्या पाहिजेत. मला तरुणपणी त्या सांगता येत नव्हत्या.

पुस्तक पोहोचले असते का? बीजगणिताचे फारसी भाषांतर अताउल्ला रशीदीने शाहजहानच्या काळात, १६३४ च्या सुमारास केले. तेव्हा फर्मा हयात होता. मला काही काळ वाटले, सापडला धागा. पण धागा आणि पुरावा यांत अंतर असते. युरोपच्या हाती बीजगणित पडले ते १८१३ मध्ये, एडवर्ड स्ट्रेची याने फारसीवरून केलेल्या इंग्रजी रूपात, आणि मग १८१७ मध्ये कोलब्रुकने थेट संस्कृतवरून केलेल्या भाषांतरात. फर्मा १६६५ सालीच वारला होता.

आणि शेवटी उत्तर सापडले ते पत्रातल्या दुसऱ्या आकड्यात. १०० पर्यंतच्या सर्व प्रकृती घेतल्या, तर सर्वांत मोठे लघुतम उत्तर ६१ चे येते. त्याला मागे टाकणारी पुढची पहिली प्रकृती कोणती? १०९. तिची ज्येष्ठ संख्या १५८०७०६७१९८६२४९, पंधरा अंकी. भास्कराचार्यांची जोडी ६७ आणि ६१ ची. फर्माने ती उचलली असती तर ६१ च्या शेजारी ६७ दिसला असता. त्याने १०९ घातला. म्हणजे हा प्रदेश तो स्वतः पायी हिंडला होता आणि कुठला डोंगर उंच, हे त्याला माहीत होते. पाचशे वर्षांच्या अंतराने दोन माणसांनी एकच शिखर दाखवले, कारण शिखर तिथे होते. चोरीची गोष्ट खोटी ठरल्याने भास्कराचार्यांचे काही कमी झाले नाही. उलट ६१ वर बोट ठेवायला काय नजर लागते, हे मला तेव्हाच कळले.

१८१७ या सालावर मी जरा अडखळले होते. कोलब्रुकचे पुस्तक लंडनमध्ये छापले गेले त्याच वर्षी, डिसेंबरात, नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा जबलपुरात पराभव झाला आणि आमचे गाव इंग्रजांकडे गेले. आमच्याकडे मराठी राज्य संपले आणि भास्कराचार्य इंग्रजीत आले, दोन्ही एकाच सालात. यात कार्यकारण काही नाही. पण त्यानंतर आम्ही आमचा माणूस त्यांच्या पुस्तकातून ओळखू लागलो, आणि म्हणूनच कदाचित माझ्या भाषणाला एवढी धार चढत असे. हिरावल्याची भावना होती ती. ब्रह्मगुप्ताची नव्हे, आपली नेहमीची.

जबलपुरात याहून जुने काही शोधायचे, तर भेडाघाटच्या वाटेवर तेवर लागते. हीच कलचुरींची त्रिपुरी. नागपूरच्या वा. वि. मिराशींनी कलचुरी-चेदि संवताचे लेख १९५५ मध्ये एकत्र प्रसिद्ध केले, त्यांत भेडाघाटचा अल्हणदेवी राणीचा लेख आहे, कलचुरी संवत ९०७ चा, म्हणजे ११५५ चा. बीजगणित पुरे होऊन पाचच वर्षे झाली होती. राणीने शिवमंदिर बांधले, त्याला मठ जोडला आणि व्याख्यानशाळा बांधून दिली. धुवाँधार पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना मी आता हे आवर्जून सांगते. संगमरवराच्या खडकांपाशी नावेत बसायला रांग असते. व्याख्यानशाळेसाठी रांग नाही.

तसाच मठ पाटणला होता, आणि तिथे काय शिकवायचे ते दगडावर कोरले होते. म्हणून चाळीसगाव.

चाळीसगावहून रिक्षा करून आम्ही पाटणादेवीला गेलो. पाऊस नुकता संपला होता, सातमाळ्याचे डोंगर हिरवे होते. मुंबईचे डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनी इथल्या पडक्या देवळातला लेख १८६५ मध्ये अभ्यासकांपुढे आणला. १२०७ सालचा तो लेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने मठ स्थापला, आणि निकुंभ वंशाच्या सोइदेवाने त्याला दान दिले. लेखात घराण्याच्या नऊ पिढ्या येतात. एका पूर्वजाला भोज राजाने विद्यापती ही पदवी दिली, भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला जैत्रपाल राजाने बोलावून नेले, वगैरे. हे सारे संस्कृतात.

शेवटी भाषा बदलते. मठाला रोज काय मिळायचे हे लिहिताना कोरणारा मराठीवर येतो. इथल्या बाजारात जो माल विकला जाईल, त्यावर राजाला मिळणारे उत्पन्न मठाला. जेवढे घाणे चालतील, त्या प्रत्येकामागे पळीभर तेल. इथे जे मापायचे ते मठाच्या मापाने मापावे. आपल्या भाषेतल्या फार जुन्या लेखांपैकी हा एक आहे, आणि त्यात आपली भाषा करत काय होती? हिशेब. विद्वत्तेची स्तुती संस्कृतने केली. त्या विद्वत्तेच्या समईत तेल कुठून येणार, ते मराठीने बघितले.

लेखाचा छापील पाठ मी सोबत नेला होता. देवीचे दर्शन घेऊन पायरीवर बसले आणि मुलाला वाचून दाखवला. त्याची मराठी जबलपुरी, पण 'पळी' आणि 'घाणा' त्याला कळले. तो म्हणाला, "म्हणजे तेल्याला वर्गप्रकृती येत नव्हती, पण त्याच्या तेलावर ती शिकवली जात होती." मी म्हटले, "हो. माझ्या पगाराचेही तसेच होते."

परत आल्यावर शाळेतून जुने पत्ते मिळतात का ते पाहिले. ती मुलगी आता मोठी बाई असणार, कुठल्या गावी आहे ते कोणाला ठाऊक नव्हते. म्हणून जवळच्या एका शाळेत विचारून नववीच्या वर्गावर एक तास मागून घेतला. फळ्यावर १७६६३१९०४९ लिहिले. चाक फिरवून दाखवले. मग भास्कराचार्य सांगितले, जयदेव सांगितला, फर्मा सांगितला, १०९ सांगितला. आणि मी पूर्वी काय सांगत असे आणि एका मुलीने मला काय विचारले होते, तेही सांगितले.

टाळ्या कमी पडल्या. पण मागच्या बाकावरून एक हात वर आला : "मैडम, एक सौ नौ के बाद कौन-सा?"

"एक सौ इक्यासी," मी म्हटले. "पण माझ्या सांगण्यावर जाऊ नका. वही काढा."